वरची बोटभर माती

अण्णा,

मागच्या अंगणात जाणाऱ्या दारावर आज फळी ठोकून घेतली. सुतार म्हणाला, "ताई, कुलूप लावा की सरळ, फळी कशाला?" त्याला काय सांगणार? कुलपाची किल्ली घरातच राहते, आणि घरात तुमची नात आहे. तिला सातवा महिना लागलाय आणि तिला अंगणातली माती खायची असते.

तुम्ही आता नांद्याला आलात तर घर सापडणार नाही. भातखाचरांत इमारती उभ्या आहेत, रस्ता उंच झालाय, आपलं अंगण खाली राहिलंय. शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची शेड होती, तिथे आता गाड्या लावतात. ती शेड बंद पडली त्या संध्याकाळी तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि म्हणाला होता, "गेला एकदाचा धूर." आम्ही सगळे तेच धरून चाललो. धूर दिसायचा थांबला, पण तो कुठे जाऊन बसला हे कुणी विचारलं नाही.

लेक हिंजवडीच्या नोकरीतून रजा काढून बाळंतपणाला आली, आणि आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती मला नळाजवळ उकिडवी बसलेली दिसली. जमीन ओली केलेली, बोट तोंडात. "हसू नकोस हं आई," ती म्हणाली, "वासानेच जीव जातो गं माझा." कुंपणापलीकडच्या काकूंनी हे ऐकलंच. "खाऊ दे की तिला. डोहाळं हायेत ते. आमी काय चुलीची ढेकळं खाल्ली न्हाईत व्हय? तुज्या आईनं तर तुज्या टायमाला अर्धी भिंत संपवली हुती." त्यावर लेक म्हणाली, "म्हणजे आई निम्मी भिंतच आहे," आणि आम्ही तिघी पोट धरधरून हसलो.

पण शेड माझ्या डोक्यातून गेली नाही. म्हटलं, तपासून घेऊ. माती कशी काढायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माती तपासणीची नोकरी तुमची, आणि मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्यामागे बांधाबांधाने फिरणारी मी. मला ते खाचर आजही दिसतं. तुम्ही वाकून वीतभर खोल खड्डा घेताय, दोन्ही कडांवरून माती तासताय. मी मदत करायला जाते आणि गवताखालची भुसभुशीत माती ओंजळीने घमेल्यात टाकते. तुम्ही सगळं घमेलं उपडं करता. "वरचा कचरा म्हणजे शेत नव्हे. आधी खरवडून टाकायचं, मग खड्डा. पुन्हा असं केलंस तर घरी बसायचं." लोखंडाने तपासणी बिघडते म्हणून तुम्ही मला बाभळीचं छोटं खुरपं करून दिलंत. दुसऱ्या मुलींना बाहुल्या मिळत होत्या, मला खुरपं, आणि मी ते शाळेच्या दप्तरातून मिरवलं होतं.

त्याच खुरप्याने मी आपलं अंगण खणलं. ठिकठिकाणी जागा धरल्या, वरचं खरवडून बाजूला सारलं, वीतभर खड्डे घेतले, सगळी माती कापडावर एकत्र केली. मग चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेली पुन्हा मिसळायची, पुन्हा चार भाग, असं अर्धा किलो राहीपर्यंत. तुम्ही बघितलं असतंत तर काही बोलला नसतात, म्हणजे पसंत पडलं असतं. प्रयोगशाळेचा अहवाल आला. शिसं मर्यादेत. मी तो दोनदा वाचला. वर्तमानपत्राच्या नोकरीत आकडे दोनदा वाचायची सवय लागली आहे. आणि लेकीला म्हटलं, "खा, पण बेताने."

मी म्हटलं, अण्णा. तिने चोरून खाल्ली नाही. मीच एका वाटीत काढून देत होते, ती मागेल तेव्हा, नळाजवळची, वरवरची, मऊ.

तिच्या अंगात रक्त भरेना तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, माती वगैरे खाता का. लेकीने हसत हो म्हटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं आणि ते फार निघालं. मी पिशवीतून आपला अहवाल काढून त्यांच्यासमोर धरला, जणू तो बघितल्यावर रक्त आपलं म्हणणं मागे घेणार होतं.

मग डॉक्टरीणबाईंच्या ओळखीतून लवळ्याहून एक मुलगी आली. शहरातल्या मातीतले धातू मोजायचं काम करते. तिच्याकडे ड्रिलसारखं यंत्र आहे, जमिनीला टेकवलं की पडद्यावर आकडे येतात. नळाजवळ टेकवलं तर शिशाचा आकडा फार मोठा आला. मग बोटभर माती बाजूला करून तिथेच पुन्हा टेकवलं, तर जवळजवळ काही नाही.

"मावशी, तुम्ही नमुना काढताना वरचं खरवडलंत का?"

"खरवडणारच. तसाच काढतात."

"पिकासाठी तसाच काढतात. मुळं खाली जातात ना. पण धूर वरून पडतो, आणि शिसं पडलं तिथेच राहतं. पाण्याबरोबर खाली जात नाही ते." मग तिने विचारलं, "तुमची लेक कुठली खायची?"

मी नळाजवळची जमीन दाखवली. तपासायला पाठवली ती खालची माती, आणि लेकीच्या वाटीत घातली ती वरची, नमुन्यातून मी खरवडून टाकलेली. तुमची पद्धत चुकली असं मला म्हणता येत नाही, भाताला ती बरोबरच आहे. तरी परवापासून मी तुमच्याशी मनात भांडते आहे, कारण दुसऱ्या कुणाशी भांडायला मला तोंड नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, शिसं हाडांत जाऊन बसतं आणि या महिन्यांत आईच्या हाडांतलं कॅल्शियम बाळासाठी सुटतं, त्याबरोबर तेही सुटतं. कॅल्शियम द्या, लोहाच्या गोळ्या द्या, माती पूर्ण बंद, बाळ झाल्यावर त्याचं रक्त बघू. मी विचारलं, बाळाला काय होईल? "आज नाही सांगता येत." आयुष्यभर मी लोकांकडून वेळेत उत्तरं काढून घेतली. या उत्तराला वेळ ठरवून देता येत नाही. लेक झोपली की मी तिच्या पोटाकडे बघत बसते. बाळ लाथ मारतं, चांगली जोरात मारतं, आणि त्यावरून काहीही कळत नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, हे मला कळतं. म्हणूनच पुढचं लिहिते. आज सकाळी फळी ठोकून झाल्यावर मी तिची गादी झटकली, तर उशीच्या अभ्र्यात कागदात बांधलेली माती निघाली. बोटांच्या खुणा असलेली, ताजी. सगळं माहीत असून ती खाते आहे. मी रागाने तरातरा तिच्याकडे निघाले होते, पण दारातच थांबले, पुडी उघडली आणि चिमूटभर जिभेवर ठेवली. का, ते मला नीट सांगता यायचं नाही. नंतर कितीदा तरी चुळा भरल्या, बाकीची पुडी डब्यात बंद केली. तिला अजून काही विचारलेलं नाही. विचारेन तेव्हा काय बोलायचं तेच सुचत नाही, कारण अण्णा, ती माती मला चांगली लागली.