डॉक्टरांनी पाहिलेली सकाळची मंदा

प्रिय मंदा,

पत्र लिहायची मला सवय नाही, तुला माहीत आहे. लग्न ठरल्यावरसुद्धा मी तुला एक ओळ लिहिली नव्हती. पण कालपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय आणि ती तुझ्याशीच बोलायला हवी. गावात कुणाशी बोलता येत नाही, कारण गुपित तुझं आहे.

इम्तियाज आठवतो ना? रोह्याला कंपनीत माझ्याच शिफ्टला असतो तो. त्याच्या धाकट्या बहिणीला, शमीमला, तुझाच आजार निघालाय. पापण्या मिटतात, घास उतरत नाही, बोलता बोलता आवाज नाकात जातो. तिचाही प्लाझ्मा बदलतात. मानेत नळी घालायची, रक्त मशीनमधून फिरवायचं, त्यातलं पिवळं पाणी काढून दुसरं भरायचं. आपल्या गावात, जोह्यात, तुला सगळे 'रक्त धुवायला गेली' म्हणायचे, तिच्या मोहल्ल्यातही तेच म्हणतात.

सध्या तिला दर चार आठवड्यांनी जावं लागतं. हे अंतर वाढवायचं का, ते डॉक्टर शुक्रवारी तपासून ठरवणार आहेत. तिला वाढवूनच हवंय. नवरा कुवेतहून सुट्टीवर येतोय आणि त्याची सुट्टी तिला हॉस्पिटलात घालवायची नाही. इम्तियाज मला म्हणाला, वहिनींचं तुम्ही सगळं केलंत, किती दिवसांनी करावं ते तिला जरा समजावा.

किती दिवसांनी! या एका प्रश्नाने आपली किती वर्षं खाल्ली गं? जेवताना तेच, गाडीत तेच, पाहुणे आले तरी तेच. मला वाटलं होतं तू गेल्यावर निदान हा प्रश्न तरी संपला. आता तो रोह्याहून पुन्हा माझ्याकडे चालत आलाय आणि मी खरंच दमलोय, मंदा.

गणपतीच्या कारखान्यात तुझ्या प्लाझ्मावर सगळ्यांचं काम चालायचं. मूर्ती रंगून, सोनेरी लागून रांगेत उभ्या, पण डोळे नाहीत. शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, डोळे आखणारी, आखणीवाली येऊ दे. तू हॉस्पिटलातून आलीस की दोन दिवस पडायचीस, मग आठवडा-दीड आठवडा तुझा हात आणि नजर अशी ठरायची की बाकीच्या बाया काम सोडून बघत बसायच्या. त्या दिवसांत फक्त डोळे. पुढे पापणी जड व्हायला लागली की तू सोवळं रंगवायचीस, मग उंदीर, मग नुसता पाट. कोणता रंग तुझ्या हातात आहे ते बघून मला कळायचं, जायची वेळ झाली.

मग मी तुला सांगायचो, अगं, तीन आठवड्यांनी गेलीस तर डोळे आखायचे दिवस जास्तच मिळतील. साधा हिशोब होता. तू काय म्हणालीस आठवतं?

"तीन आठवड्यांनी गेले तर मी आजारी हाय. सहा आठवड्यांनी गेले तर बरी व्हत आले. तुम्हाला यातला काय कळत नाय."

नव्हतंच कळत. प्लाझ्मा केला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, शरीर पुन्हा तेच विष बनवतं, म्हणून पुन्हा जायचं, एवढंच डॉक्टरांनी मला समजावलं होतं. किती दिवसांनी जायचं ते पेशंटच्या ताकदीवरून ठरतं, असंही ते म्हणाले होते. या आजारात दिवस कलतो तशी ताकद उतरते. आणि तुझी ताकद त्यांनी कधी पाहिली? सकाळी!

मला राग आहे तो याचाच. तपासणीच्या आदल्या दिवशी तू कारखान्यात पाय ठेवायची नाहीस. दुपारभर झोपून राहायचीस. जित्याहून पहिली गाडी पकडायची, खिडकीशी डोळे मिटून बसायचं, ताकदीची गोळी अशा बेताने घ्यायची की खुर्चीत बसताना तिचा पुरता जोर असेल. डॉक्टर म्हणायचे, वर बघा, बघत राहा. तू छताकडे अशी बघायचीस की मलाच खरं वाटायचं. संध्याकाळचा नंबर मिळत होता, तो तू कधीच घेतला नाहीस. संध्याकाळी पापणीला चिकटपट्टी लावून भाजी चिरणारी मंदा त्या डॉक्टरांना माहीतच नव्हती.

एकदा मी बोललो की त्यांच्यासमोर. म्हटलं, साहेब, ही संध्याकाळी अशी नसते. तू हसून म्हणालीस, यांना कंपनीतून आल्यावर सगळंच वाकडं दिसतं. डॉक्टरही हसले. परतताना तू गाडीत माझ्यापासून लांब, दुसऱ्या बाकावर जाऊन बसलीस.

चाराचे पाच झाले, पाचाचे सहा. सहा मिळाले त्या दिवशी तू जित्याला न उतरता पेणपर्यंत जाऊन पेढे घेतलेस! आणि त्याच सहा आठवड्यांत तुला साधा खोकला झाला. खोकायलाही जोर लागतो, मंदा. तेवढा तुझ्यात उरला नव्हता. मग हॉस्पिटलात त्यांनी एक दिवसाआड प्लाझ्मा केला, पण छाती आधीच भरून गेली होती.

गावात सगळे म्हणतात, मंदा अचानक गेली. मी मान हलवतो. खरं सांगितलं तर म्हणतील, बाईने आपल्या हाताने ओढवून घेतलं. तुझ्याबद्दल कुणी असं बोललेलं मला चालणार नाही.

पण काल शमीमसमोर बसलो तेव्हा संध्याकाळ होती. चहाचा कप तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि हनुवटी खाली घसरू नये म्हणून मान मागे टाकली होती. मी विचारलं, शुक्रवारी नंबर कितीचा? म्हणाली, सकाळचा, पहिला. आदल्या दिवशी आईकडे जाऊन झोपणार हाय. गोळीची वेळसुद्धा तिने ठरवून ठेवली होती! तिला हे कोणी शिकवलं गं? तुम्ही दोघी तर एकमेकींना कधी भेटलाही नव्हता.

मग मी सांगून टाकलं. तुझी सकाळ, तुझी गोळी, ते पेढे, तो खोकला, सगळं. तुला विचारायला थांबलो नाही. तिला म्हटलं, किती दिवसांनी ते मी कोण सांगणार, ते डॉक्टरच सांगतील. पण त्यांना संध्याकाळची शमीम बघू दे.

तिला राग येईल असं वाटलं होतं. तिने चहाचा कप खाली ठेवला. मग त्याच नाकातल्या आवाजात हळूहळू म्हणाली,

"भाऊ, डॉक्टरला फसवायचा नसतो वो. एवढ्या लांब जायचा, तर कोणीतरी एकदा बरी हाय म्हणावा, येवढाच वाटतो."

मंदा, एवढंच होतं का? मी इतके दिवस समजत होतो, तुला गणपतीचा सीझन प्यारा होता, किंवा नळीची भीती होती, किंवा माझ्यापेक्षा तुझा हट्ट मोठा होता. तुला फक्त कुणाच्या तरी तोंडून ते ऐकायचं होतं? रोह्याहून गाडीत बसलो आणि जिते येईपर्यंत रडत होतो. कासूला समोर एक ओळखीचा येऊन बसला, त्याने उगाच आपला रुमाल पुढे केला.

शमीमने नंबर बदलून संध्याकाळचा घेतलाय. शुक्रवारी मी शिफ्ट बदलून तिच्याबरोबर जातोय. तिला दिवसभर घरातलं काम करून यायला सांगितलंय, आणि डॉक्टरांसमोर ती सावरून बसली तर या वेळी मी गप्प बसणार नाही, कुणीही हसलं तरी. अंतर कमी करा म्हणाले तर कमी करू. मशीनशी सोबतीला कोणी नसेल तेव्हा मी बसेन, ते मला येतं. आणि बाहेर आल्यावर, तीन आठवडे मिळोत नाहीतर दोन, मी तिला म्हणेन, शमीम, आज बरी दिसतेस.

तुझ्यावर आता न रागावलेला,
रमाकांत