लायनीतल्या चपला

घाटंजी,
ता. १२ ऑगस्ट २०२५

चिरंजीव अश्वजित,

तुह्या ताईचा सप्रेम जय भीम. उर्वशी आणि लहाना संघदीप मजेत असतील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद धरला. दोन वर्षं झाली बाबू, एवढा राग तर आपल्या बापानंही कोणावर धरला नाही. अर्धं वाचून फेकू नको, एवढंच म्हणणं.

इकडं पाणी बरं आहे. सोयाबीन कमरेले लागलं. माह्या छातीत डाव्या बाजूनं गाठ आहे. उन्हाळ्यात बोराएवढी होती, आता लिंबाएवढी झाली.

मोठ्या दवाखान्यात चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेले डॉक्टर मीटिंगले गेलते. दुसऱ्या खेपेले मशीन बंद. तिसऱ्या खेपेले कॉम्प्युटर बंद, त्यामुळं केसपेपरचा कागदच निघाला नाही. मी खिडकीतल्या माणसाले म्हटलं, "साहेब, माही गाठ तर कॉम्प्युटर बंद असला तरी वाढून राह्यली!" तो हसला आणि खिडकी लावून घेतली.

लायनीचं तुले माहीतच आहे. खिडकी नवाले उघडते, लोक सहापासून येतात. आपापल्या चपला लायनीत ठेवतात आणि झाडाखाली जाऊन बसतात. चपलेचा नंबर तोच माणसाचा नंबर. दुसऱ्याच्या चपलेले कोणी हात लावत नाही.

दुसऱ्या खेपेले माह्या पुढं निळ्या पट्ट्याची स्लिपर होती. उजव्या पट्ट्याले सेफ्टी पिन लावेल. आईच्या स्लिपरेले तशीच पिन होती. मी मनावर घेतलं नाही, अशा स्लिपरा गावोगाव आहेत. खिडकी उघडली, जो तो आपली चपल घालून सरकला. ती जोडी तिथंच. ती ओलांडायची मले हिंमत झाली नाही, बाजूनं वळसा घालून खिडकीपाशी गेली. तिसऱ्या खेपेले मी मुद्दाम पहिल्या एसटीनं गेली. खिडकीपुढं चिटपाखरू नव्हतं, आणि ती जोडी ठेवेल होती.

आर्णीकडची रुपीबाई म्हणून एक पेशंट आहे, तिच्याबी खेपा चालूच आहेत. तिले इचारलं, "कोणाच्या व या?" ती म्हणे, "हात नको लावजो बाई. तिचा नंबर लागाचा आहे अजून." कोणाचा म्हटलं तर तोंड फिरवून बसली.

मी एक पाय घालून पाह्यला. आतून गरम होती, आत्ताच कोणी काढल्यासारखी.

आता खरं सांगते. आई याच दवाखान्यात येता येता ऑटोतच वारली, असं मी तुले सांगतलं होतं. तू त्यावरच भांडला, की घरून उशिरा काहून निघाली. मी ऐकून घेतलं. पण आम्ही साडेसहालेच पोचलो होतो बाबू. आई बाकड्यावर बसेल, तिच्या चपला लायनीत. साडेदहाले तिले पाणी पाजलं तर ते तोंडातून बाहेर आलं. हात थंड. मले समजलं. लेकीले समजत नाही का? पण पुढं तिघंच होते. वाटलं, कागद निघाला की डॉक्टर पाहील, डॉक्टरनं पाह्यलं की काहीतरी होईल. तिच्या डोक्यावर पदर ओढला आणि परत लायनीत उभी राह्यली. खिडकीतल्यानं इचारलं, "पेशंट कुठं आहे?" म्हटलं, "बसेल आहे." इंदूबाई, वय एकसष्ट. निघाला कागद. तिच्या चपला उचलायचं ध्यानातच राह्यलं नाही.

तो कागद हाती आला तेव्हा मले एक घडी बरं वाटलं होतं, अश्वजित. त्याची लाज वाटते. दोन वर्षं मी कोणाले सांगू शकली नाही.

काल चौथी खेप. मशीन चालू, डॉक्टरीणबाईही भल्या होत्या. म्हणे गाठीचा तुकडा काढून तपासा लागते, उशीर नको, गुरुवारी २१ तारखेले या. पण फॉर्मवर नातेवाइकाची सही पाहिजे, त्याशिवाय भूल देत नाहीत. हे जाऊन पाच वर्षं झाली, आता मले कोण आहे? मी नर्सले म्हटलं, माह्यासोबत कोणी नाही. तिनं दाराबाहेर पाह्यलं आणि म्हणे, "अहो, त्या बाकड्यावरच्या आजी तुमच्याच ना? मघापासून तुमचंच नाव घेऊन राह्यल्या. सही येत नसंल तर अंगठा चालते."

मी वळून पाह्यलं नाही. फॉर्म घेतला आणि मागच्या दारानं निघून आली.

फॉर्म आता माह्या समोर आहे. नातेवाइकाची जागा कोरी आहे. उठल्याबरोबर आज पहिलं तेच पाह्यलं, कोरी आहे ना. एवढं लिहिता लिहिता दोनदा पाह्यलं.

राग ठेव. मले बोलूही नको. पण गुरुवारी येजो आणि सही तू करजो. आई तयारच बसेल आहे, मले तिची माया समजते. पण मले तिच्यासंगं नाही जायचं बाबू. मले जगायचं आहे.

तुले खोटं सांगणारी, तरी तुहीच,
दीपाताई