शेवटच्या कडव्यातलं नाव

चौल, शनिवार

प्रिय मानसी,

गेल्या आठ दिवसांत तू चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा एकच विचारलंस, पप्पा, सही केलीत का? पहिल्या वेळी मी म्हटलं, चष्मा दुरुस्तीला दिलाय. दुसऱ्या वेळी म्हटलं, नीट वाचून करतो. तिसऱ्या वेळी फोन तुझ्या आईकडे दिला. काल तू जरा आवाज चढवलास, तेव्हा रेंज नाही म्हणून ठेवून दिला. चष्मा नाकावरच होता बाळा, आणि रेंजही होती. सोमवारी कंपनीची माणसं तो कागद मागणार आणि तो नसेल तर तुझं गाणं सिनेमात जाणार नाही, हे मला पूर्ण समजलेलं आहे. समजलं नाही म्हणून मी टाळत नव्हतो.

त्या कागदाचं पाकीट माझ्याच नावावर रजिस्टरने आलं तेव्हा पोस्टात सगळे हसले. देणारा पोस्टमन मीच आणि घेणाराही मीच. घरी आणून उघडलं. आत लिहिलंय की, मी रत्नपाल, कै. भागोजी यांचा मुलगा व वारस, सदर गीत माझ्या वडिलांनी स्वतः रचलेले आहे असे खरेपणाने लिहून देतो. आपल्यात कै. लिहीत नाहीत, कालकथित लिहितात, पण अडचण ती नाही. खाली सहीसाठी रेघ आहे. तो कागद मी बुद्धमूर्तीच्या मागे ठेवला. तेव्हापासून सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी माझी जीभ अडखळते. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, एवढंच तर आहे ते. तुझी आई परवा म्हणाली, अहो, रोजचं म्हणता ते विसरायला लागलात, डॉक्टरला दाखवा. 

तुझ्यासाठी घाबरायची मला सवयच आहे. तू एकोणीस वर्षांची होतीस तेव्हा पनवेलच्या साडीवाल्याच्या पुस्तकात तुझे फोटो आले, आणि दिवाळीला रेवदंड्याच्या वळणावर तुझा तो मोठा बोर्ड लागला. चंदरकाका, म्हणजे आपल्या गायनपार्टीचा ढोलकीवाला, नाक्यावर सगळ्यांसमोर ओरडला होता, रत्न्या, पोरगी पंधरा फूट वाढली रं, आता जावई कुठून आणशील? लोक हसले, मीही हसलो. पण त्या वळणावरून टपालाची सायकल नेताना मी मान वर केली नाही. लाज म्हणून नव्हे. बांबू बारीक होते, दोऱ्या सुंभाच्या होत्या, आणि वारा सुटला की तू खाली येशील असं वाटायचं. पुढे चक्रीवादळात तो बोर्ड गेलाच. चार दिवसांनी एका सुपारीच्या वाडीत मला त्याचा तुकडा सापडला, तुझा कान आणि एक झुमका. मी तो घडी करून आणला. अजून ट्रंकेत आहे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

त्याच काळात तुझ्या एजन्सीवाल्यांनी तुझं नाव बदललं. आडनाव नको, लोक उगीच विचारत बसतात, असं ते म्हणाले. मानसीही जुनाट वाटतं, म्हणून मायरा झालीस. तू हे मला फोनवर हसत हसत सांगितलंस, पण शेवटी घाईने फोन ठेवलास. मग दोन वर्षं मालिका. वाडीतली सगळी बायामाणसं आपल्या ओटीवर टीव्ही बघायला यायची. आडनाव गेलं होतं, तरी तुझ्या हातात झाडूच दिला त्यांनी, बंगल्यातल्या मोलकरणीच्या मुलीचं काम. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. नंतर कथेत तुला गावाला पाठवलं आणि परत आणलंच नाही. तुझी आई तीन आठवडे रोज बघत होती, आज येईल, उद्या येईल.

आणि मग तू खरोखर गावाला आलीस. ते दीड वर्ष आठवतं का? काम नव्हतं. तू मागच्या पडवीत बसून असायचीस, फोन पालथा ठेवून. मी टपाल वाटताना दर तासाला घरी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून येत होतो. घरी आलो आणि तू पडवीत दिसलीस की मग पुढच्या आळीला जात होतो. कशाची भीती वाटत होती ते इथेही लिहवत नाही.

एका दुपारी आलो तर आतून ढोलकीचा आवाज. तू ट्रंकेतली आजोबांची कॅसेट काढली होतीस, चंदरकडून त्याचा जुना टेप मागून आणला होतास, आणि पालथ्या हंड्यावर ठेका धरून बसली होतीस. 'भागोजी आणि पार्टी' ही आपली एकुलती एक कॅसेट. आणि त्यातलं ते गाणं,

हंडा माझा रिकामा, म्हणून वाजतो ग,
भरला की बघ कसा, गप चालतो ग.

तू ते शंभर वेळा ऐकलंस. मग दोन ओळींच्या मधे तुझं स्वतःचं बोलणं घातलंस, झाडूचं, आडनावाचं, पंधरा फुटी बोर्डाचं. अलिबागच्या मैदानावर तू पहिल्यांदा ते म्हटलंस तेव्हा मी मागे उभा होतो. तुझ्या त्या रॅपमधलं निम्मं मला कळलं नाही, तू श्वास कुठे घेतेस हेच मी शोधत होतो. पण मधे हंड्याची ओळ आली आणि समोरची चार-पाचशे पोरं ती एका आवाजात म्हणायला लागली. माझे वडील गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, त्याआधी त्यांच्या मांडीवर बसून त्यांची खंजिरी फोडली होतीस. मला वाटलं, आज ते हवे होते. तू मायरा टाकून दिलंस आणि 'भागोजीची नात' हे नाव घेतलंस, तेव्हा मी विहारात जाऊन बराच वेळ बसलो. सगळ्यांना वाटलं आनंदाने बसलोय. आनंद होताच. पण त्या नावाची भीतीही होती.

आता जे लिहायचं ते लिहितो.

आपल्या गायनपार्ट्यांत रीत आहे, गाणं रचणाऱ्याने शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायचं. कागद नाही, करार नाही, ते नाव हीच सही. आजोबांच्या सगळ्या गाण्यांत शेवटी 'भागोजी म्हणे' येतं. फक्त हंड्याच्या गाण्यात येत नव्हतं. ते गाणं आजोबांचं नाही, मानसी. ते पुतळाबाईंचं आहे.

पुतळामावशी आमच्या कोरसमध्ये होत्या. दिवसभर वाडीत सुपाऱ्या सोलायच्या, संध्याकाळी तालमीला यायच्या. अक्षर येत नव्हतं. त्या सोलता सोलता गाणं रचायच्या आणि मी वहीत उतरवून घ्यायचो, कारण पार्टीत माझं अक्षर चांगलं होतं, बारावी झालो होतो. हंड्याच्या गाण्याचा शेवट त्यांनी असा सांगितला होता, 'पुतळा म्हणे बायांनो, हंडा वाजवा ग'. आजोबा कार्यक्रमात हे गाणं म्हणायचे, पण शेवटच्या कडव्याला मागे सरकायचे आणि मावशींना पुढे करायचे. कितीही गर्दी असो, ते कडवं त्यांनी स्वतः कधी म्हटलं नाही.

सत्त्याण्णव साली मुंबईत कॅसेट भरायला गेलो. आजोबांना खोकल्याची उबळ आली म्हणून ते बाहेर जिन्यावर बसले होते. आत रेकॉर्डिंगवाला माणूस म्हणाला, कॅसेट भागोजीची आणि हे मधेच पुतळा कोण? एकच नाव ठेवा, ऐकणारा गोंधळतो. वही माझ्या हातात होती. मी आजोबांना विचारायला जिन्यापर्यंत गेलो नाही. वीस वर्षांचा होतो, मला वाटलं बापाचं नाव सगळ्या गाण्यांत हवं, त्यात वाईट काय? पेनाने तीन अक्षरं खोडली आणि वर तीन अक्षरं लिहिली. पुतळा, भागोजी. चालीत अगदी चपखल बसलं. मावशींना म्हटलं, एवढं कडवं असं म्हणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, म्हंजे मीच म्हनू, भागोजी म्हनं? मी म्हटलं, हो मावशी, तसंच ठरलंय. ठरलं कोणाशीच नव्हतं. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या.

तुझ्या गाण्याच्या शेवटी तू कॅसेटमधला जो बाईचा आवाज लावलायस ना, खरखरीत, 'भागोजी म्हणे बायांनो', तो त्यांचाच. तुला मुलाखतीत कोणीतरी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, कोरसमधली कोणी मावशी असेल, नाव माहीत नाही. ती मुलाखत मी पोस्टातल्या पोरांबरोबर बघत होतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आजोबांनी कॅसेट पहिल्यांदा ऐकली तेव्हा शेवटाला डोळे मिटले. एवढंच म्हणाले, पुढच्या कॅसेटला दुरुस्त कर. पुढची कॅसेट झालीच नाही. पुढच्याच वर्षी मावशी लेकीकडे, जनीकडे म्हसळ्याला राहायला गेल्या. मी कधी तिकडे वाट वाकडी केली नाही. अठ्ठावीस वर्षं.

गेल्या रविवारी गेलो. तुझा कागद आल्यापासून झोप नव्हती, म्हटलं त्या असतील-नसतील ते तरी कळेल. मनातल्या मनात काय इच्छा होती तेही लिहितो, म्हणजे माझं काही झाकलेलं राहायला नको. वाटलं होतं, त्या नसतील तर सही करता येईल.

मावशी अंगणात खाटेवर बसल्या होत्या. डोळ्यांनी फार दिसत नाही, पण आवाजावरून ओळखलं. म्हणाल्या, रत्न्या व्हय? टपाल लय उशिरा आनलंस. जनीची मुलगी अमिषा कॉलेजात आहे, ती तुझी मोठी चाहती. तुमचे वडील खरंच भागोजी का, असं मला विचारत तिने लगेच फोनवर तुझं गाणं लावलं. मावशी पायाने ठेका धरून ऐकत होत्या. म्हणाल्या, पोर चांगली म्हनते, पन एवढी घाई कशाची? कोन मागं लागलंय तिच्या? आम्ही सगळे हसलो. मग गाणं शेवटाला आलं. फोनमधून त्यांचाच जुना आवाज म्हणाला, भागोजी म्हणे. आणि त्याच वेळी खाटेवरून त्यांनी हळू आवाजात म्हटलं, पुतळा म्हणे. अमिषाला ऐकू गेलं नाही, ती फोनकडे बघत होती. जनी चहा गाळत होती. एकट्या मला ऐकू आलं.

मी तिथेच त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हटलं, मावशी, माझं चुकलं.  त्या म्हणाल्या, मला वाटलं तुझ्या बापानंच सांगितलं. त्याचा राग धरून बसले इतकी वर्षं. तो गेला तवा मातीलाबी आले न्हाय. मानसी, हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. कडव्यातलं नाव तर मी खोडलंच, पण माझ्या चुकीपायी एका चांगल्या माणसावर अठ्ठावीस वर्षं विनाकारण राग धरला गेला, आणि तो माझा बाप होता. निघताना त्यांनी एकच विचारलं, नात कवा येनार हाय? बाकी काही मागितलं नाही.

मला माहीत आहे तुझं काय काय त्या तीन अक्षरांवर उभं आहे. तुझं नाव त्यावर आहे, मुलाखती आहेत, लोक तुला त्यासाठीच ओळखतात. हे बाहेर आलं तर लोक म्हणतील, बघा, नातसुद्धा खोटी निघाली. कंपनी मागे सरेल. परत ती पडवी आणि तो पालथा फोन. या भीतीने मी आठ दिवस तुझ्याशी खोटं बोललो. पण तुझं नाव काढून घेतलं होतं तेव्हा तुला काय झालं ते मी पाहिलंय. तेच मी एका बाईचं केलं होतं, आणि तिला स्वतःच्या तोंडाने ते म्हणायला लावलं होतं.

म्हणून कागदावर सही केलेली नाही, करणारही नाही. तो याच पाकिटात आहे. सोबत जुन्या वहीचं ते पान आहे, त्यावर खोडलेली तीन अक्षरं आजही वाचता येतात. ठेव, फाड, कंपनीला दाखव, तू ठरव. ते कडवं पुन्हा म्हणण्याइतका मावशींचा आवाज अजून आहे, गेल्या रविवारी मी ऐकलाय, पण त्या ऐंशीच्या पुढे गेल्यात. हे टपालात टाकलं असतं तर सोमवारच्या आत पोचलं नसतं. शिवाय समोर बसून सांगायला गेलो असतो तर तुझा चेहरा बघून सही करून मोकळा झालो असतो. म्हणून उद्या सकाळी मांडव्याहून पहिल्या बोटीने हे पत्र मीच घेऊन मुंबईला येतोय. वॉचमनकडून वर पाठवीन. तू हे वाचत असशील तेव्हा मी खाली गेटपाशी उभा असेन, आईने दिलेली वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. रागावली असलीस तर येऊ नकोस, मी शेंगा वॉचमनकडे ठेवून परत जाईन. पण घाई नाही. रजिस्टर पत्र दिलं की उत्तर येईपर्यंत दारात थांबायची मला तेवीस वर्षांची सवय आहे. आलीसच तर चप्पल घालून ये, दुपारच्या बोटीने निघालो तर संध्याकाळपर्यंत म्हसळ्याला पोचू.

तुझाच,
पप्पा