यादीबाहेरची मंदा

२० एप्रिल २००४, मंगळवार
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि आज पुन्हा हजेरीपट काखेत. भाची नीता मेडिकल कॉलेजात डॉक्टर आहे, तिने जुंपलं. देशात किती जणांच्या रक्तात हिपॅटायटिस बी ही कावीळ वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून आहे हे कोणालाच नीट माहीत नाही म्हणे. आजवरचे अंदाज रक्तपेढ्यांवरून. म्हणजे धडधाकट, आपण होऊन आलेले पुरुष. मी म्हटलं, पहिल्या बाकावरच्या मुलींवरून वर्गाचा निकाल सांगायचा हा प्रकार. नीता म्हणाली, म्हणूनच तुला बोलावलं मावशी.

पद्धत चांगली आहे. घरं चिठ्ठीने निवडलेली. प्रत्येक घरातून तक्त्याप्रमाणे एकच माणूस, तोच, दुसरा नाही. नसला तर तीनदा जायचं. शेजारचा धरून आणायचा नाही. माझं काम दारोदार जाऊन यादीतला माणूस तोच ना हे तपासायचं. गणित शिकवण्यात जन्म गेला, एवढं येईल.

पहिल्याच घरात विचारलं, कुठल्या पक्षाच्या? निवडणुकीचे दिवस.

२५ एप्रिल, रविवार
मखमलाबादकडचा फुलांचा मळा, तिसरी खेप. पहिल्या वेळी घराला कुलूप, सगळे झेंडू घेऊन बाजारात. दुसऱ्या वेळी फक्त कुत्रं. आज यमुनाबाई भेटल्या. घरच्या कर्त्या. मला खाटेवर बसवून चहा, वर शेव. यादीत त्यांची सून कविता, वय २२. विचारलं, सूनबाई आहेत का? "हायेत ना, घरातच." आतून गोरी, हसरी मुलगी आली, पाचवा महिना. सुईला घाबरली नाही, आमच्या सोनवणेलाच (रक्त घेणारा पोरगेला टेक्निशियन) म्हणाली, हात का कापतो तुमचा? यमुनाबाई ओरडल्या, नीट बस. ती म्हणाली, तूच बस नीट, कालपासून कंबर दुखती म्हणतीस.
मोकळं घर. आवडलं. यादीत खूण केली.

१२ मे
निकाल आले. माझ्या याद्यांतलं पहिलं रक्त पॉझिटिव्ह निघालं. मळ्यातली कविता. नीता म्हणाली, सांगायला आमची बाई जाईल, तू नको. मी म्हटलं, शेव मी खाल्लीय.
तरी फक्त "पुन्हा रक्त घ्यायचंय" एवढंच बोलायची परवानगी.

१३ मे, गुरुवार
काय लिहू. मूर्ख बाई मी.
मळ्यात गेले. कविताला हाक मारली. आली ती सावळी, किडकिडीत, डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. ही कोण? कविता. मग ती? "ती माझी मंदा. लेक. इंचूरला दिलीय."
यमुनाबाईंना त्यात काही वावगं वाटेना. "आखाजीच्या सणाला सून माहेरी गेली, लेक माहेरी आली. तुम्ही उन्हाच्या तीनदा आल्या बाई. रिकाम्या हाती कशा लावू? लेक काय अन् सून काय, रगत घरातलंच हाय."
माझ्यासाठी केलं होतं. पाहुणचार म्हणून.
आणि मी? ती डोक्यावर पदर न घेता बसलेली, सासूला "तूच बस नीट" म्हणणारी. अशी सून नाशिक जिल्ह्यात कुठे असते? चाळीस वर्षं पोरींना "प्रश्न नीट वाचा" सांगत आले.
मंदा विंचूरला परत गेलीय. पोटात मूल. यमुनाबाईंजवळ मला यातलं काही बोलता येईना, मंदाला आधी कळायला हवं. रक्त बिघडलं, पुन्हा द्यावं लागेल, एवढं सांगून सोनवणेकडून कविताचं रक्त घेतलं आणि निघाले. खोटं बोलले. निघताना पिशवीत शेवंती कोंबली त्यांनी.

१५ मे
कविताचं रक्त स्वच्छ. नीताने मंदाची ओळ खोडली. मी भांडले. नीता शांतपणे म्हणाली, मावशी, ती त्या घरात राहत नाही. तिची निवडच झाली नव्हती. ठेवली तर अंदाज खोटा होईल.
बरोबर आहे. मी हेच शिकवलं असतं. राग त्याचाच येतो.
पण म्हणाली, आकड्यातून काढली, दवाखान्यातून नाही. बाळाला जन्मल्यावर काही तासांत लस आणि दुसरं एक इंजेक्शन दिलं तर बहुतेक वेळा ते वाचतं. नाही दिलं तर आईचं दुखणं लेकराकडे जायची भीती मोठी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नाशकात. सातव्यात येईल. तोवर थांबायचं. थांबणं मला जमत नाही हे नीताला माहीत आहे.

३ जुलै, शनिवार
मंदा आली. द्वारका चौकात जीपमधून उतरली तशी तिला मी थेट नीताकडे नेलं. नीताने आत सांगितलं. अर्ध्या तासाने बाहेर आली, माझ्याशेजारी बसली. पदर नीट केला, पुन्हा केला.
"पांढरी कावीळ म्हणत्यात तीच ना बाई?"
हो म्हटलं.
सासरच्या शेजारी एका सुनेला हे निघालं, तर तिचं ताट वेगळं झालं, मग अंथरूण, मग ती माहेरी गेली ती गेलीच. मी सांगितलं, ताटाने पसरत नाही, भांड्याने नाही. म्हणाली, हे माझ्या सासूला सांगायला याल का इंचूरला? येईन म्हटलं. तर हसली. "तुमचा आवाज ऐकून ती आधी तुमचंच ताट येगळं करील."
मग रडली. मी पाठीवर हात ठेवला. मला हे जमत नाही फारसं.
नवऱ्याला सांगायलाच हवं, त्याचीही तपासणी हवी. कधी, ते ती ठरवणार.

६ जुलै
मंदाने आईला सांगितलं. यमुनाबाई सकाळीच दारात, गंगापूर रोडवर पत्ता विचारत आलेल्या. बसल्या नाहीत. "मी तिला बसवलं सुनेच्या जागी. माझ्यामुळं झालं का?" नाही हो. तुमच्यामुळे कळलं. चारदा सांगितलं. पाचव्यांदा विचारलं त्यांनी.

१ ऑगस्ट, रविवार
अधिक महिना. जावयाला धोंडा जेवायला बोलावलं, मलाही. संतोष, मंदाचा नवरा, विंचूरच्या कांदा मार्केटात हमाल-तोलाऱ्यांचा हिशेबनीस. उंच, लाजाळू. पुरणाचे चार धोंडे खाल्ले, यमुनाबाईंनी पाचवा वाढला.
जेवणानंतर मंदा त्याला विहिरीकडे घेऊन गेली. आम्ही दोघी उगाच भांडी घासत बसलो, घासलेलीच.
परत आला. हात धुतले, टॉवेल घडी करून दोरीवर टाकला. मला म्हणाला, येतो बाई. यमुनाबाईंच्या पाया पडला. मोटरसायकल सुरू. अनारशांचं वाण पाटावर तसंच.
मंदाने ते उचलून फडताळात ठेवलं.

१९ ऑगस्ट
संतोषचा फोन नाही, माणूस नाही. मंदा कळ्या वेचते, गजरे करते. मी रोज जाते. कविता आताशा माझ्यासमोर पदर जरा मागे घेते, हीच काय ती कमाई.

२८ ऑगस्ट, शनिवार
मुलगी. सकाळी सव्वानऊ. पावणेतीन किलो.
नर्स म्हणाली, आधी वजन, मग आंघोळ, मग बघू. मी म्हटलं, वजन कुठे पळून जात नाही. नीताने बाटल्या आदल्या दिवशीच फ्रीजमध्ये ठेवलेल्या. दोन मांड्या, दोन सुया, दहा वाजायच्या आत. बाळ असं भोकाड पसरून रडलं की मला फार बरं वाटलं.
कविताच्या नवऱ्याने विंचूरला फोन केला. संतोष "बरं" म्हणाला म्हणे.

३१ ऑगस्ट
संतोष आला. दुपारी, एकटा. बाळाकडे बघायच्या आधी नीताला म्हणाला, माझंबी घ्या. बाही वर करूनच आला होता. इतके दिवस कुठे होतास, असं मी विचारलंच. म्हणाला, "आईला कसं सांगायचं ते ठरवत होतो. नाय ठरलं."
मग बाळ घेतलं. मंदा भिंतीकडे तोंड करून होती, ती वळली.

४ सप्टेंबर
संतोषचं रक्त स्वच्छ. लसीचा पहिला डोस लगेच. मंदाच्या दुखण्यावर वरचेवर लक्ष ठेवायचं, आज औषध लागत नाही. बाळाचं रक्त पुढच्या वर्षी. तोवर खात्रीने कोणी काही सांगू शकत नाही, नीताही नाही.

नीताचा अहवाल दिल्लीला गेला. माझ्या याद्या पूर्ण, बदललेलं माणूस एकही नाही. आकडा मला दाखवला. चोख आहे, कोणासमोरही मांडावा असा. खाली बारीक अक्षरांत: एक नमुना निवडीबाहेरच्या व्यक्तीचा, वगळला.
ती व्यक्ती शेवंतीचे गजरे फार सुबक करते. हे दिल्लीला कशाला कळायला हवं.

८ सप्टेंबर, बुधवार
उद्या बारसं. संतोषने परवा घरी सगळं सांगितलं. त्याची आई ऐकून उठून आत गेली, तेव्हापासून अबोला. बहिणीने फक्त विचारलं, बाळाला उचललं तर चालतं का? तो म्हणाला, चालतं. ती येईल की नाही, त्यालाही माहीत नाही.
बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं. आत्या विंचूरला.
यमुनाबाई संध्याकाळी आल्या. या वेळी बसल्या, चहाही घेतला. म्हणाल्या, नाहीच आली, तर तुम्ही सांगाल का बाई नाव? मी म्हटलं, मी कोण? म्हणाल्या, "घरातलीच ना."
म्हटलं, आत्या येईल. तिचीच वाट बघायची, बारापर्यंत, एकपर्यंत, लागली तर दोनपर्यंत.
नाव मात्र विचारून ठेवलं आहे. निळी साडी काढून ठेवली आहे.