कुणीच न प्यायलेली वाइन

अश्दोद, इस्राएल, रविवार

ती. आईस, जय जिनेंद्र.

मी पेल्यात वाइन ओतत होते, तेवढ्यात रिबेकाआजींच्या जावयाने माझ्या हातातून बाटली काढून घेतली. "ती गोया आहे," तो बायकोला म्हणाला. शुक्रवारचं जेवण होतं. हा शब्द इथे शिवीसारखाही वापरतात, असं मी ऐकलं होतं. वाटलं, आजींना सांभाळायचं काम गेलं, आता परत कोल्हापूर.

घाबरू नकोस, काम आहे.

सगळे गेल्यावर मी आजींनाच विचारलं. त्या मूळच्या अलिबागच्या, घरात मराठीच बोलतात.

"अगं, गोय म्हणजे मुळात लोक. जुन्या ग्रंथात आम्हालाही तोच शब्द आहे. आता जो ज्यू नाही तो गोय, बाई असली की गोया. कुणी हिणवून म्हटलं तर लागतो. जावयाला बाटलीचं दुःख. परक्या हाताने ओतलेली वाइन आम्हाला चालत नाही."

मला आपली सोवळ्याची घागर आठवली. भांडी घासून शालूबाई अजून बाहेरच बसते का गं? तिला आत बोलव.

"तुमच्याकडे परक्याला काय म्हणतात?" आजींनी विचारलं.

"पावणं."

"मग पावणं, ती बाटली तूच संपव."

"आजी, मी जैन आहे की!"

त्या ठसका लागेपर्यंत हसल्या.

गुडघ्याला तेल लावतेस ना? मी वेळेवर जेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वाइन मोरीत ओतली.

तुझी,
पद्मश्री