मी थांबलं

पाबियानित्से,
रविवार, ६ ऑगस्ट १९९५

प्रिय किंगा,

ईस्टरच्या कार्डावर तू मला ‘आदरणीय होनोराताबाई’ असं लिहिलंस. तेव्हा कोर्टाचा निकालही लागला नव्हता. घटस्फोट तू माझ्या मुलापासून, सेव्हेरिनपासून घेतलास. मला आईपदावरून कुणी आणि कधी काढलं, त्याची नोटीस काही मला मिळालेली नाही. असो. हे भांडायला लिहीत नाहीये. भांडायचं असतं तर गाडी पकडून वॉर्सात आले असते.

तब्येत चांगली आहे. गुडघे कुरकुरतात, पण कुरकुरणाऱ्यांना कसं वागवायचं ते मी गिरणीत शिकलेय. काकड्या बरण्यांत भरून झाल्या. शेपूचे तुरे, मीठ, आणि तुला लागतो तेवढा लसूण. कुणासाठी एवढा लसूण घालतेस, असं शेजारच्या तेक्लाने विचारलं. हाताला सवय झालीय, म्हटलं.

सेव्हेरिन गेल्या रविवारी येऊन गेला. मार्लेनाला घेऊन आला होता. दोघं सप्टेंबरात लग्न करतायत. तुला कळलंच असेल. पोरगी वाईट नाही. केक विकतचा आणला होता, पण प्लेट स्वतः विसळून ठेवली. जाताना सेव्हेरिनने मला बाजूला घेतलं आणि तुझ्यासाठी एक निरोप दिला. आठवड्याच्या आत तुला लिहीन, असा शब्द मी त्याला दिला. आज आठवडा पुरा होतोय. निरोप तुझ्या आडनावाबद्दल आहे. तो लिहितेच, पण मध्ये एक गुरुवार होऊन गेला, आणि तो सांगितल्याशिवाय निरोपाला हात घालवत नाही.

दर गुरुवारी संध्याकाळच्या बातम्यांनंतर आम्ही सगळे ‘उद्याचे शेजारी’ ही अमेरिकन मालिका बघतो. आम्ही म्हणजे बागेतले सगळे. ज्यांचे ज्यांचे रेल्वेलाइनीलगत भाजीचे वाफे आहेत ते. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवे ग्रह, नवी माणसं. पुढच्या गुरुवारी त्यातलं कुणी भेटत नाही. तेक्ला म्हणते, ‘प्रवासातल्या ओळखींसारखं आहे हे. उतरलं की संपलं.’ मला खरं तर त्यावर आपल्या भाषेतलं भाषांतर वाचणारा तो माणूस आवडतो. मागे अमेरिकन माणसं रडतात, ओरडतात, एकमेकांवर बंदुका रोखतात, आणि हा आपला नायक, नायिका, पोर, कप्तान, सगळ्यांचं बोलणं एकाच आवाजात वाचून टाकतो, जणू रेल्वेचं वेळापत्रकच. भावना पेटवणं आमच्यावर सोडतो. मी चाळीस वर्षं भाषणं केली, मला त्याची किंमत कळते.

या गुरुवारची गोष्ट तुला मी काय सांगू! पण सांगतेच, कारण मला ती कशी ऐकू आली ते तुला कळायला हवं. दूरच्या एका ग्रहावरची वस्ती. माणसं कधीच उठून गेलेली. खूप पिढ्यांनी एक यान तिथे उतरतं, तर बिनतारी यंत्रावर कुणीतरी बोलतंय. ‘मला तुमचा दिवा दिसतो. माझ्याकडे पाणी आहे. मी इथेच आहे.’ यानातले लोक पैजा लावतात. अर्धे म्हणतात, मागे राहिलेला कुणी म्हातारा असेल. अर्धे म्हणतात, बाई आहे. अख्खा भाग तो आवाज बोलत राहतो आणि आपल्याला काही केल्या पत्ता लागत नाही.

त्यांच्या भाषेत हे लपवणं सोपं आहे, एवढं मला समजतं. आपल्या भाषेत माणसाने तोंड उघडलं की तो कोण ते बाहेर पडतं. गेलो, गेले, आलो, आले. भाषांतरात तू ते तासभर दाबून धरलंस. एक शब्द निसटू दिला नाहीस. मला वाटलं होतं, ही बोलणाऱ्याचीच मितभाषी तऱ्हा असेल. नंतर कळलं, ती तुझी होती.

मग शेवट. कप्तान पंपघराचं दार ढकलतो आणि आत कुणीच नाही. भिंतीवर नळ्या, एक चाक फिरतंय, पाणी वाहतंय. वस्ती सोडताना लोक ज्याला ‘आम्ही येईपर्यंत पाणी चालू ठेव’ असं सांगून गेले होते, ते यंत्र. कप्तान विचारतो, ‘कोण आहे इथे?’ आणि आपला वाचणारा, त्याच सपाट आवाजात:

‘मी थांबलं.’

किंगा, मी खुर्ची पुढे ओढली. मग नावं वर सरकायला लागली आणि तो म्हणाला, ‘भाषांतर: किंगा रादोन्स्का.’ मी चहाचा ग्लास टेबलावर ठेवला आणि टीव्हीला म्हटलं, ‘पुन्हा म्हण.’ त्याने स्वतःचं नाव सांगितलं आणि साबणाची जाहिरात लागली.

हे आडनाव मी मोठ्याने म्हटलेलं दोनच ठिकाणी ऐकलंय. एकदा गिरणीच्या फाटकात, कर्ण्यावरून: ‘आता रादोन्स्का बोलतील!’ आणि एकदा पोलीस चौकीत: ‘रादोन्स्का, बाहेर या.’ दोन्ही वेळा मला अभिमान वाटला होता. हे तिसरं.

काल शनिवारी बागेत पोचले, तर पोस्टमास्तर क्लेमेन्स कुंपणाशी माझी वाटच पाहत होता. रिटायर झाला तरी लोकांच्या पत्त्यातल्या चुका काढायचं सोडत नाही. आता पत्ते नाहीत, म्हणून टीव्हीच्या काढतो.

‘होनोराताबाई, ऐकलंत ना परवा? मी थांबलं! थांबलो म्हणा, थांबले म्हणा, मी काही बोललो असतो का? थांबलं म्हणजे काय? थांबतं ते घड्याळ. स्वतःला कुणी थांबलं म्हणतं का?’

तेक्ला टोमॅटोंना पाणी घालत होती. ‘अहो, पण तिथे माणूसच नव्हता ना.’

‘मग बाई होती. मागचा आवाज बाईचा होता, मी नीट ऐकलाय.’

‘मागचा आवाज पंपासारखा होता. तुमच्या सौभाग्यवती जेवायला हाका मारतात तेही तुम्हाला ऐकू येत नाही, मास्तर, आणि म्हणे नीट ऐकलाय.’

‘ते मला ऐकू येतं. मी उत्तर देत नाही,’ क्लेमेन्स म्हणाला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे नाचवला. ‘तक्रार लिहिलीय. राष्ट्रीय वाहिनीवर मातृभाषेचा खून. सगळ्यांच्या सह्या घेतोय. असल्या भाषांतरकारांना पुन्हा काम देऊ नये, हे स्पष्ट लिहिलंय.’ आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत: ‘नाव मात्र तुमच्यातलं दिसतंय. रादोन्स्का. कोण ही? तुमची सून का?’

गावात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. तेक्लाने मला वाचवायला म्हणून हळूच म्हटलं, ‘होती. सेव्हेरिनची बायको होती.’

‘सेव्हेरिनची होती,’ मी म्हटलं. ‘माझी आहे.’

आणि मी बटाट्याच्या खोक्यावर चढले.

‘उतर खाली, गुडघे गेलेत तुझे!’ तेक्ला ओरडली. पण तुला माहीत आहे, मी एकदा चढले की बोलून झाल्याशिवाय उतरत नाही.

मी म्हटलं, ‘पोस्टमास्तर, ज्याला जन्मात कुणी पुरुष म्हटलं नाही, बाई म्हटलं नाही, नुसतं पाणी चालू ठेव म्हटलं, त्याला पहिल्यांदा कुणी विचारतंय, तू कोण? मग त्याने काय करावं? उत्तर देण्यापुरती तुमची विजार उसनी घ्यावी? की माझा परकर? ते म्हणालं, मी पुरुष नाही, मी बाई नाही, आणि तरीसुद्धा मी आहे. हे सगळं एका शब्दात. इंग्रजीत हे नाही, ऐकताय ना! त्यांच्या शब्दाला यातलं काही सांगताच येत नाही. हे फक्त आपल्या भाषेत झालं! आपण म्हणतो झाड वाढलं, पोर रडलं. मग त्या झाडाने, त्या पोराने स्वतः तोंड उघडलं तर काय म्हणावं, हे आपल्या व्याकरणाला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती खोली घरात होतीच. कुणी राहायला आलं नाही म्हणून आपण कुलूप घातलं आणि किल्ली विसरलो. एका मुलीने ती उघडली, दिवा लावला, आणि तुम्ही म्हणता चोर शिरला!’

टाळ्या पडल्या नाहीत. भोपळ्याच्या वेलांना टाळ्या येत नाहीत. पण पलीकडच्या तीन वाफ्यांवरची माणसं कमरेत वाकलेली ती ताठ उभी राहिली होती, आणि मला तेवढं पुरतं.

तेक्ला झारी खाली ठेवून म्हणाली, ‘आमचा नातू लहान असताना तसंच म्हणायचा. मी पडलं, मी रडलं. आम्ही त्याला सुधारलं.’ मग झारी पुन्हा उचलत, ‘उगाच सुधारलं.’

क्लेमेन्स कागदाकडे बघत राहिला. त्याच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. थांबलो. थांबले. थांबलं. मग त्याने पेन काढलं, तक्रारीच्या पहिल्या ओळीवर काट मारली आणि वर लिहिलं: ‘सदर भाग पुन्हा दाखवण्यात यावा, कारण काही प्रेक्षकांना तो पहिल्या वेळी नीट समजला नाही.’

‘काही प्रेक्षकांना म्हणजे कुणाला हो?’ तेक्लाने विचारलं.

‘तुम्ही टोमॅटो बघा,’ तो म्हणाला.

पहिली सही मी केली. ठळक अक्षरात, आडनावासकट.

सही करून घरी आले, हात धुतले, कागद घेतला, आणि सेव्हेरिनचा निरोप लिहायला बसले. जमलं नाही. आज पुन्हा बसलेय. शब्द दिलाय तो मोडणार नाही. म्हणून त्याने सांगितलं तसंच लिहिते:

‘आई, तिला सांग, निकालानंतरची मुदत संपायच्या आत नोंदणी कार्यालयात जाऊन तिने माहेरचं आडनाव परत घ्यावं. मार्लेनाला ते बरं वाटत नाही. एका घरात दोन रादोन्स्का कशाला? ते आमचं नाव आहे. तुझं ती ऐकते, तू लिही.’

झालं. निरोप पोचला. माझी त्याच्याबद्दलची जबाबदारी इथे संपली. आता माझं ऐक.

त्या रविवारी मी त्याला हो म्हटलं, कारण मलाही क्षणभर ते बरोबर वाटलं. पोरगा नवीन संसार मांडतोय, त्याची वाट मोकळी असावी. आईला दुसरं काय वाटणार? मग गुरुवारी त्या वाचणाऱ्याने तुझं नाव घेतलं आणि माझ्या डोक्यात एक चाक फिरायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही. ते आमचं नाव आहे, असं तो म्हणाला. कुणाचं?

मी जन्माने दुदेक, म्हणजे तुरेवाला हुदहुद पक्षी. शाळेत पोरं डोक्यावर बोटांचा तुरा करून माझ्यामागे नाचायची. वालेन्तीशी लग्न झालं आणि मी रादोन्स्का झाले. वालेन्ती बिचारा सभेत कधी एक शब्द बोलला नाही. हे आडनाव फाटकात उभं राहून कुणी गाजवलं? मी. लग्नात मिळालेलं, तुझ्यासारखंच. तूही पितेलांच्या घरातून आलीस, मीही दुदेकांच्या. दोघी या नावात बाहेरून आलो आणि दोघींनी त्यात काहीतरी केलं.

आणि आता व्याकरण, कारण ते तूच मला या वयात शिकवलंस. पुरुष रादोन्स्की, बाई रादोन्स्का; माझा मुलगा रादोन्स्की आहे. त्याचा बाप रादोन्स्की, आजोबा रादोन्स्की. तो जन्मल्यापासून एक दिवसही रादोन्स्का नव्हता, नसेल. जे नाव आपण कधी अंगावर घातलं नाही, ते परत कसं मागता येतं? ‘की’ त्याचा आहे, तो त्याच्यापाशी सुखाने असो. ‘का’ आपला आहे. शेवटच्या एका अक्षरावर तू अख्खी गोष्ट उभी केलीस. मीही माझी बाजू एका अक्षरावरच उभी करते. मार्लेना आली की तीही या ‘का’मध्ये येईल. येऊ दे. जागा आहे. काय करून दाखवते ते बघू.

हे मी त्यालाही लिहिणार आहे. आरडाओरडा करेल, मग रविवारी जेवायला येईल.

कायदा मी बघून ठेवलाय: नोंदणी कार्यालयात जायचं की नाही, हे फक्त तू ठरवायचं. तो नाही, मीही नाही. तुला पितेल व्हायचं असेल तर हो, आणि ताठ मानेने हो. चांगलं नाव आहे. त्या नावाने वाचणारा बोलला तरी मी टीव्हीला म्हणेन, पुन्हा म्हण. एवढंच सांगते: जायचं तर स्वतःच्या पायांनी जा, कुणी सांगितलं म्हणून नको. आणि ठेवायचं असेल, तर ते पडून राहिलेलं नाव नाही. मागच्या गुरुवारपासून ते पूर्वीपेक्षा जास्त किमतीचं झालंय, आणि ती भर माझ्या घरातल्या कुठल्याही पुरुषाने घातलेली नाही.

काकड्यांची एक बरणी क्लेमेन्सच्या मुलीबरोबर पाठवतेय; ती मंगळवारी वॉर्सात येते. बरणीवर चिठ्ठी चिकटवलीय, ‘किंगा रादोन्स्का, धाकटी’. बदलायची असेल तर चिठ्ठी पाण्याने निघते. काकड्या त्याच राहतील.

उत्तराची घाई नाही. पण पुढच्या कार्डावर ‘होनोराताबाई’ लिहिलंस, तर पोस्टमास्तरकडून पत्ता चुकीचा म्हणून परत पाठवीन.

मी इथेच आहे. माझ्याकडे पाणी आहे.

तुझी आई,
होनोराता रादोन्स्का, थोरली