होते, आता नाहीत

रविवार, ५ जानेवारी

नमस्ते म्हटलं मी. नमस्ते!

कमानिया गेटजवळच्या बाजारात कॉलेजातल्या राखीबरोबर स्वेटर बघत होते. मागून आवाज आला, "जय भीम, बेटा." वळले तर देवदत्तकाका. बाबांबरोबर फॅक्टरीत एकाच सेक्शनला तीस वर्षं होते. मी त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत गेले आहे. उत्तर आपोआप यायला हवं होतं, बोलायला शिकले तेव्हापासून येतं आहे. आणि मी राखीकडे एकदा बघून म्हटलं, "नमस्ते, अंकल."

काकांचा हात छातीपर्यंत आला होता, तिथेच थांबला. मग तेही नमस्ते म्हणाले. रत्नाकरला सांगतो भेटलीस म्हणून, असं काहीसं पुटपुटत गर्दीत गेले. राखीने विचारलं, कौन थे? पापा की फैक्ट्री के कोई हैं, म्हटलं. कोई!

स्वेटर न घेताच अधारतालला घरी आले. राखीला म्हटलं डोकं दुखतंय.

८ जानेवारी

मराठी मंडळाच्या सेक्रेटरी शैलजाताई कॉलेजात आल्या होत्या. मंडळाच्या व्याख्यानमालेत मी बोलावं म्हणतात. विषय माझ्या पीएचडीचाच – अमेरिकन कादंबऱ्यांतली, समाजाने बाहेर टाकलेली माणसं. आणि मराठीत! वर्गात इंग्रजी, स्टाफरूममध्ये हिंदी, मराठी फक्त बाबांशी फोनवर. जमेल का? पण हो म्हटलं. खरं सांगायचं तर फार आनंद झाला.

जाताना त्यांनी विचारलं, "रत्नाकर हे आडनाव कुठलं हो? कोकणातलं का?" मी हसले. हसणं हे माझं जुनं उत्तर आहे.

आडनाव मेश्राम. शाळेत दाखल करताना मास्तरांनी बाबांचं नाव आडनावाच्या जागी लिहून टाकलं. बाबांनी दुरुस्तीसाठी खेटे घातले, कोणी दाद दिली नाही. पुढे ती चूक मला फार उपयोगी पडली. कॉलेज खासगी, जातीचा दाखला कोणी मागितला नाही. आणि इथल्या हिंदी लोकांना मराठी म्हणजे पेशव्यांचे वंशजच वाटतात! पहिल्याच आठवड्यात राखी म्हणाली होती, "आप मराठी लोग तो पंडित होते हैं ना?" मी हसले. वसंतपंचमीला सरस्वतीपूजेत मला सगळ्यांच्या पुढे बसवलं. मी बसले. आठ वर्षं झाली, दरवर्षी बसते. सुरुवातीला वाटायचं, मी कुठे खोटं बोलले? मी तर काही बोललेच नाही.

९ जानेवारी

लोकां सांगे ब्रह्मज्ञान – पुढचं लिहीत नाही.

रविवार, १२ जानेवारी

रांझीला बाबांकडे गेले. रिटायर झाल्यापासून क्वार्टर सुटलं, आता दोन खोल्यांत एकटेच असतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबांनी पिठलं केलं होतं, नेहमीसारखं तिखटजाळ. देवदत्तकाकांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे! बाबा एवढंच म्हणाले, "देवदत्त भेटला म्हणे तुला." मी हो म्हटलं. मग त्यांनी भात वाढला.

व्याख्यानाचं सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. तोंड म्हणून गप्प बसेल तर शपथ! सांगून टाकलं. बाबा जेवता जेवता थांबले.

"मराठीत बोलून राहिली तू?"

"हो."

"मग मी येतो. इतके साल झाले, तू काय शिकवते मला एक अक्षर नाही समजलं. मराठीत आहे तर समजंल ना."

विषय काय ते विचारलं. समाजाने टाकलेली माणसं म्हटल्यावर म्हणाले, "बहिष्कृत म्हण ना सरळ. आपला शब्द आहे तो." मग विचारत बसले – तिथे अमेरिकेत कोणाला टाकतात, काहून टाकतात. मीही सांगत गेले. गावाने बदनाम केलेली बाई. मालकाकडून पळालेला गुलाम. बंद घरात एकटा राहणारा माणूस, ज्याला गल्लीतली पोरं भूत समजतात. बाबा ऐकत होते. हात वाळले तरी उठले नाहीत. वर्गात माझं असं कोणी ऐकत नाही.

१५ जानेवारी

हे लिहायला सुद्धा लाज वाटते.

माझा परिचय करून द्यायला माहिती हवी म्हणून शैलजाताईंचा फोन आला. शिक्षण, नोकरी झालं. मग विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, "बाबा फॅक्टरीत होते. आता नाहीत."

फॅक्टरीत आता नाहीत, असं म्हणायचं होतं मला. देवाशप्पथ! पण त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "अरेरे. कधी?"

कळलं मला. त्याच क्षणी कळलं. "नाही नाही, रिटायर झाले" – चार शब्द होते. तेवढ्यात मनात आलं, गेलेल्या माणसाचं गाव कोणी विचारत नाही. आडनावही विचारत नाही. आणि मी म्हटलं, "गेल्या वर्षी."

त्या बराच वेळ सांत्वन करत होत्या. मी हूं हूं करत होते.

१६ जानेवारी

दुरुस्ती करावी म्हणून दोनदा फोन उचलला. ठेवला.

२२ जानेवारी

शैलजाताईंनी निमंत्रणाच्या कार्डाचा मजकूर वाचून दाखवला. मी "बहिष्कृत" सुचवलं होतं, खरंच सुचवलं होतं. त्यांना ते जरा राजकीय वाटलं. "उपेक्षित" केलंय. मी बरं म्हटलं. भांडण्याची हिंमत कुठून आणू?

आणि दुसरं. मंडळाची पद्धत आहे, वर्षभरात मंडळाच्या परिवारातलं जे कोणी गेलं असेल त्यांच्यासाठी कार्यक्रमाआधी दोन मिनिटं उभं राहायचं. या वेळी तुमच्या वडिलांचंही नाव घेणार, म्हणाल्या. राहू द्या, ते काही सभासद नव्हते, म्हटलं. "संकोच करू नका, तुम्ही आता आमच्याच." आमच्याच! हे ऐकायला तर मी आठ वर्षं हसत होते.

बाबांना तिथे येऊ देऊन चालणार नाही. काहीही झालं तरी.

२३ जानेवारी

केलं. बाबांना फोन करून सांगितलं की कार्यक्रम रविवारी आहे, दोन तारखेला. शनिवारी आहे तो, एक तारखेला.

"दोन तारीख, रविवार, पाच वाजता," बाबांनी म्हणून दाखवलं. कॅलेंडरवर लिहून ठेवतो म्हणाले. देवदत्तला पण आणू काय, विचारलं. मी म्हटलं, बघा. मग म्हणाले, निळा कोट ड्रायक्लीनला टाकतो, रिटायरमेंटच्या दिवशी घातला तो तसाच आहे.

रविवारी ते दोन बस बदलून येतील आणि हॉलला कुलूप असेल. मग मी म्हणेन, अहो, तारीख बदलली, सांगायचं राहिलं. सगळं ठरवून ठेवलंय मी. ज्या पोरीला कडेवर घेऊन ते फॅक्टरीच्या लायब्ररीत जायचे, तिचं डोकं आता या कामाला लागलंय.

२६ जानेवारी

बाबांनी फोटो पाठवला – विहारासमोर झेंडावंदन. मी अंगठा पाठवला.

३१ जानेवारी

भाषण लिहून झालं. एक भाग काढायचा की ठेवायचा, दोन दिवस तेच चाललंय. उजळ रंगाच्या काळ्या मुलीचा. ती शहरात जाऊन गोऱ्यांत मिसळते, गोरी म्हणून नोकरी करते, माहेरची वाट सोडते. अशा मुली त्या कादंबऱ्यांत बऱ्याच आहेत. माझा थिसिस उभाच आहे त्यांच्यावर. व्हायव्हाला सरांनी विचारलं होतं, हा विषय कसा सुचला? आवड, म्हटलं होतं.

काढला तर व्याख्यानात काही उरत नाही. ठेवते. चोराच्या मनात चांदणं, बाकी कोणाला काय कळणार आहे!

शनिवार, १ फेब्रुवारी

झालं.

साठ-सत्तर माणसं होती. मी कोणाकडे बघितलंच नाही. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलले. शैलजाताईंनी सुरुवातीला तीन नावं घेतली. दोन मंडळाची जुनी माणसं, आणि "आजच्या वक्त्यांचे वडील, कैलासवासी रत्नाकरजी". कैलासवासी! आमच्यात कालकथित म्हणतात. जिवंत बापाला मारलं ते मारलं, वर त्याला कैलासावर नेऊन बसवलं. ज्या माणसाने घरात कधी उदबत्ती सुद्धा तथागतांशिवाय कोणापुढे लावली नाही!

सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले. डोळे गच्च मिटून घेतले. दोन मिनिटं इतकी लांब असतात? माझ्या मनात एकच – आज शनिवार आहे, बाबा घरी आहेत, चहा करत असतील. हेच घोकत होते. शैलजाताईंनी पाठीवर हात ठेवला तेव्हा रडू फुटलं. लोकांना ते बापासाठीच वाटलं असणार, आणि एका परीने होतंही.

त्यानंतर जे बोलले ते मात्र चांगलं झालं. तेच जास्त लागतं आहे. त्या मुलीच्या भागापर्यंत आले. मी म्हटलं, तिला पकडली जायची भीती असते असं आपण समजतो, पण तिची खरी शिक्षा वेगळीच आहे – तिच्या माणसांनी तिला रस्त्यात ओळख दाखवू नये, असं तिला मनापासून वाटू लागतं. हे कागदावर नव्हतं. कुठून आलं माहीत नाही. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी एक बाई हात धरून म्हणाल्या, किती आतून बोललात तुम्ही.

घरी येऊन दोनदा तोंड धुतलं.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी नऊलाच बाबांचा फोन. मी उचलायच्या आधी काय बोलायचं ते मनात पाठ केलं. तारीख बदलली, हॉल मिळाला नाही, माझ्याही लक्षात नाही राहिलं. काही बोलायची वेळच आली नाही.

"बेटा, आज नाही जमत मला. गुडघा धरला. बसमध्ये चढणं होणार नाही."

सुटले! एवढंच वाटलं, खोटं कशाला लिहू. छातीवरचा धोंडाच उतरला. वर साळसूदपणे म्हटलं, असू द्या बाबा, गुडघा सांभाळा, तेल लावा. पुढच्या वेळी या.

"हो. तू चांगलं बोलशील," बाबा म्हणाले. "घाबरू नको. आणि जेवत जा टायमावर."

फोन ठेवला आणि मग तोंडात कडू कडू झालं. बापाचा गुडघा दुखतो म्हणून आनंद झालेली मुलगी मी. त्यांच्याकडे जाऊन यायला हवं होतं, तेलाची बाटली घेऊन. गेले नाही. पेपर तपासत बसले.

३ फेब्रुवारी

आज वसंतपंचमीची पूजा झाली कॉलेजात. राखीने हाक मारली, आओ पंडितजी, आगे बैठो. बसले. यंदा माझ्या हातून हळदीच्या डबीचं झाकण पडून गडगडत गेलं, सगळे हसले, मीही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

शैलजाताईंनी व्याख्यानाचे फोटो पाठवलेत. तिसरा फोटो श्रद्धांजलीचा आहे, स्टेजवरून घेतलेला. सगळा हॉल उभा, माना खाली, डोळे मिटलेले. शेवटच्या रांगेत दाराजवळ निळ्या कोटात बाबा उभे आहेत. मान खाली नाही. ते स्टेजकडे बघत आहेत, माझ्याकडे.

शैलजाताईंना विचारलं. म्हणाल्या, हो, ते गृहस्थ पेपरातली बातमी वाचून आले होते, रांझीहून. चहाला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. कोणाकडचे तुम्ही, म्हणून विचारलं तर म्हणाले, मॅडमच्या वडिलांना ओळखत होतो.